मालगाडी नव्हती, भूकंप होता

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेले भाषण. मोबाइलवरील ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



काल रात्री गाण्यांच्या भेंड्या दोन वाजेपर्यंत चालल्या. तरी आज सकाळी भूकंपावरचं भाषण ऐकायला इतकी माणसं जागी आहेत, हेच माझ्यासाठी मोठं आहे. संयोजक मला म्हणाले, "तू नेमकं काय करतेस ते एकदा नीट सांग. आम्ही इतकी वर्षं लोकांना सांगतो की आमच्या वर्गातली एक मुलगी सरकारी पगारावर दगड फोडते." (हशा) ते फार चुकीचं नाही. फक्त फोडण्यापेक्षा घसरवण्याचं काम जास्त असतं.

सुरुवात घरापासून करते. मे १९९७. माझी बी.एस्सी.ची परीक्षा संपली होती आणि मी सुट्टीत घरी होते. आमचं घर रेल्वे लाइनीला लागून, हे तुम्हाला माहीत आहे. अंगणात बोरं खायला तुम्ही सगळे यायचात. २२ तारखेला पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास खाट हलली. फडताळातली भांडी वाजली आणि कवेलूंमधून माती पडली. आई उठून बसली. बाबा कूस बदलून म्हणाले, "काही नाही, मालगाडी गेली असेल." आम्ही पुन्हा झोपलो. सकाळी रेडिओवर कळलं की जबलपूरला भूकंप झाला, ५.८ तीव्रतेचा, आणि तिथे माणसं दगावली. आपल्या गोंदियाहून छोट्या लाइनीची गाडी जायची ते जबलपूर. माझी मावशी तिथे राहायची. ती सुखरूप आहे हे कळायला दोन दिवस लागले.

बाबांचं वाक्य मी अजून विसरले नाही. ते चुकले म्हणून नव्हे. आपल्या भागात जमीन हलली तर मालगाडीच आठवणार, कारण इथे भूकंप होत नाही असं आपण सगळेच धरून चालतो. लातूरचे लोकही तसंच धरून चालले होते.

आता एक प्रयोग करते. टेबलावर ही वीट आहे, सभागृहाच्या मागून उचलून आणलेली. तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली आहे आणि पट्टीच्या टोकाला ताणकाटा. हा ताणकाटा आपल्याच प्रयोगशाळेतला, सरांनी आज कपाटातून काढून दिला. मी हळूहळू, एकाच वेगाने ओढते. बघा, पट्टी ताणली जाते आहे. काटा एक किलो, सव्वा किलो दाखवतो आहे. वीट जागची हललेली नाही. पुढच्या रांगेतल्यांनी सांगा, ती कधी हलेल? (श्रोत्यांमधून: "आता! आता!") नाही हलली. अजून ओढते... हं, झाली की नाही उडी? आता ती पुन्हा थांबली. मी ओढतेच आहे, माझा हात थांबलेला नाही, पण वीट थांबली आहे. पट्टी परत ताणत जाईल आणि पुन्हा उडी होईल.

एवढाच भूकंप आहे. हात म्हणजे जमिनीखालचे संथ जोर. आपला भारतीय भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, म्हणजे नखं वाढतात त्याच वेगाच्या आसपास. पट्टी म्हणजे खडक, जो ताणला जाऊन शक्ती साठवतो. आणि विटेची खालची बाजू म्हणजे प्रस्तरभंग, खडकातली जुनी चीर, जिच्या दोन बाजू घर्षणामुळे एकमेकींना धरून बसलेल्या असतात. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ब्रेस आणि बायर्ली या दोघांनी मांडलं की उथळ भूकंप असेच अडकत-घसरत होत असावेत. त्यांनी ग्रॅनाइटचा तुकडा प्रचंड दाबाखाली घसरवला, तेव्हा तो या विटेसारखाच झटक्याझटक्यानं घसरला. आमच्या क्षेत्रातलं बरंचसं काम तिथून सुरू होतं.

आमची प्रयोगशाळा दिसायला सर्व्हिसिंगच्या गॅरेजसारखी आहे. तेलाचा वास, पंपाचा आवाज. एक जाड पोलादी नळकांडं असतं. त्यात बोटाएवढ्या, कधी मनगटाएवढ्या खडकाचा दंडगोल ठेवायचा. त्याला आधीच तिरकस काप दिलेला असतो, तो आमचा प्रस्तरभंग. खडकाला तांब्याचं पातळ आवरण चढवायचं, भोवती तेल भरायचं आणि दाब वाढवायचा. जमिनीखाली पाच किलोमीटरवर खडकावर हवेच्या दाबाच्या सुमारे १३०० पट दाब असतो, तेवढा किंवा त्याहून जास्त. मग वरून दट्ट्या अगदी सावकाश खाली आणायचा आणि बघत बसायचं.

यातून काय कळलं? पहिली गोष्ट, बायर्ली यांनी १९७८ मध्ये सगळ्यांचे प्रयोग एकत्र करून दाखवली. वरून दाबणारा जोर १०० असेल तर घसरवायला साधारण ६० ते ८५ जोर लागतो, मग तो ग्रॅनाइट असो, वाळूचा दगड असो की चुनखडी. बहुतेक सगळे खडक सारखेच हट्टी. याला अपवाद काही चिकणमातीच्या खनिजांचा. ती चिरेत असतील तर पकड फारच कमी होते. पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावरून ज्यांचा पाय घसरला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. दोन खडक जितका वेळ एकमेकांवर टेकून स्वस्थ बसतात, तितकी त्यांची पकड वाढत जाते. आधी भराभर, मग सावकाश, पण वाढत राहते. डिटरिच यांनी सत्तरच्या दशकात हे मोजलं. इतक्या वर्षांनी भेटलेल्या आपल्या मागच्या बाकाकडे बघून मला त्याची आठवण झाली. (हशा) पण घसरणं एकदा सुरू झालं की वेगासोबत काही खडकांची पकड कमी होते. मग आणखी वेग, आणखी कमी पकड. असे खडक भूकंप करतात. ज्यांची पकड वेगासोबत वाढते, ते आवाज न करता हळूहळू सरकत राहतात. खडक घासून त्याचं जे पीठ होतं ते कोणत्या जातीचं आहे, किती गरम आहे, त्यात पाणी किती, यावर हे ठरतं. म्हणून आम्ही ते पीठ राइस मिलवाल्याच्या काळजीने चाळतो, वाळवतो आणि तोलतो.

माझी एक फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात एक प्रयोग बरेच दिवस चालला होता. पडद्यावरची रेघ सपाट झाली होती. मी वहीत 'स्थिर' असं लिहिलं आणि चहाला गेले. दोन घोट झाले असतील तोच धाडकन आवाज आला. खडक घसरला, आवरण फाटलं आणि तेल बाहेर. पुढचे दोन दिवस मी फरशी पुसत होते. नंतर खडकाला चिकटवलेल्या सूक्ष्म आवाजाच्या सेन्सरची नोंद बघितली, तर शेवटच्या काही मिनिटांत शेकडो बारीक तडे जात होते. त्या नोंदीचा पडदा मी उघडलाच नव्हता. तेव्हापासून 'स्थिर' हा शब्द मी जपून वापरते.

तुमच्या मनात आलेला प्रश्न मला कळतो. ते तडे ऐकून आधी सांगता येईल का? प्रयोगशाळेत बऱ्याच अंशी येतं. २०१७ मध्ये लॉस अलामोसच्या संशोधकांनी संगणकाला असे आवाज ऐकवले, आणि पुढच्या घसरणीला किती वेळ उरला आहे हे त्याला बरंच अचूक ओळखता आलं. पण प्रयोगशाळेतली चीर एका बैठकीत पुन्हा पुन्हा घसरते. संगणक त्यातून शिकतो. किल्लारीसारख्या ठिकाणची चीर हजारो वर्षांत एकदा घसरत असेल. तिचे मागचे धडे आपल्याकडे नाहीत. शिवाय आमचा खडक बोटाएवढा असतो. मेन्लो पार्कला दोन मीटरची चीर असलेला ग्रॅनाइटचा ठोकळा वापरत, त्याचं आम्हाला केवढं अप्रूप! खरी चीर मात्र कित्येक किलोमीटरची. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर "अमुक तारखेला भूकंप" असा निरोप आला तर पुढे पाठवू नका. तारीख आणि वेळ सांगणं आज जगात कुणालाही जमत नाही.

मग या सगळ्याचा उपयोग काय? त्यासाठी कोयनेला जाऊ.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणात पाणी साठू लागलं. १०३ मीटर उंचीचं धरण. त्यानंतर तिथे छोटे छोटे धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे २०० माणसं गेली. जगात धरणाच्या पाण्यामुळे झालेला सर्वांत मोठा भूकंप म्हणून अजूनही कोयनेचंच नाव घेतात. पाण्यामुळे कसा? घरी करून बघण्यासारखं आहे. स्टीलचा ग्लास गरम पाण्यानं विसळून ओल्या ओट्यावर पालथा घाला. तो आपोआप सरकतो. आतली हवा गरम होऊन फुगते आणि ग्लासाला किंचित वर उचलते; वजन तेच, पण ओट्यावरचा भार कमी झाला. खडकातल्या चिरेत पाण्याचा दाब वाढला की असंच होतं. दोन बाजूंना एकमेकींवर दाबून ठेवणारा जोर कमी होतो, आणि आधीच घसरायच्या बेतात असलेली चीर सुटते.

कोयना-वारणा भागात तेव्हापासून आजपर्यंत भूकंप चालूच आहेत, आणि ते साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यातच होतात. म्हणून तिथे थेट आत जाऊन बघायचं ठरलं. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे, खास खोल विवरांच्या अभ्यासासाठी. त्यांनी गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल विवर खणलं. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. वरचे सुमारे १२५० मीटर सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या कुळातला जुना खडक.

त्या भागातल्या विवरांतून काढलेले खडकाचे दंडगोल लांबलचक पेट्यांत रांगेनं मांडून ठेवतात. मी ते बघायला गेले होते. एका पेटीशी थांबले. गुलाबी, पांढऱ्या, काळ्या पट्ट्यांचा खडक. माझं आजोळ आमगावचं. तिथल्या ओढ्यात ज्या खडकांवर आम्ही कपडे वाळत घालायचो, अगदी तसा. भूशास्त्रात या जातीला 'नाइस' म्हणतात, आणि आपल्या भागातल्या त्या खडकांना पुस्तकात 'आमगाव नाइस' असंच नाव आहे. दोनशे कोटी वर्षांहून जुना. आपल्या आमगावचं नाव देशभरातले भूशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेत लिहितात, हे आपल्यालाच ठाऊक नसतं. (टाळ्या) कोयनेत बेसॉल्टच्या पांघरुणाखाली दडलेला आहे तो याच कुळातला. आपल्याकडे पांघरूण नाही, एवढाच फरक.

लगेच कुणी विचारेल, मग आपल्या इटियाडोहचं काय? काल जेवताना एकाने विचारलंच. जगात हजारो धरणं आहेत, त्यांतल्या फार थोड्यांजवळ भूकंप झाले. पाणी फक्त शेवटचा धक्का देतं. त्याआधी खाली मोठी चीर हवी, ती ताणलेली हवी, आणि सहसा धरणही उंच लागतं. इटियाडोह कोयनेच्या मानाने खूपच ठेंगणं. नवेगावचा बांध तर कितीतरी पिढ्या पाणी धरून आहे. धरणाची भीती बाळगू नका. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.

ती सांगण्याआधी किल्लारी आठवा. आपण नुकतेच अकरावीत गेलो होतो. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जन झालं. लोक थकून झोपले आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आपण शाळेच्या मैदानात तांदूळ आणि जुने कपडे गोळा केले होते, पोती शिवायला आपले शिपाईकाका रात्रभर बसले होते. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. तीव्रता होती ६.२. याच तीव्रतेच्या भूकंपात जपानसारख्या देशात बळींची संख्या बहुतेक वेळा बोटांवर मोजण्याइतकी असते.

किल्लारीला माणसं मारली ती भिंतींनी. दोन-अडीच फूट जाडीच्या, गोल दगड मातीत बसवून रचलेल्या भिंती, आणि त्यांच्यावर मातीचं जड माळवद. भिंतीच्या आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नव्हती. जमीन हलताच भिंत मधून उकलली आणि माळवद खाली आलं. त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, तिथे धक्के जाणवले होते. मग ते थांबले. सगळं स्थिर झालं, असं वाटलं. माझ्या वहीत मी लिहिलं होतं तसंच.

पुढे २००२ च्या नकाशात पहिलं क्षेत्र काढूनच टाकलं. किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेलं. आपला जिल्हा त्या नकाशात दुसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या क्षेत्रात आहे. ते बरोबरच आहे. इथे मोठ्या भूकंपाची शक्यता खरोखर कमी आहे, आणि मी घाबरवायला आलेले नाही. पण उत्तरेला नर्मदा-सोनचा पट्टा आहे. तो १९९७ मध्ये हलला तेव्हा आमच्या घरातली माती पडली होती. कमी शक्यता म्हणजे शून्य शक्यता नव्हे, आणि 'दुसरं क्षेत्र' याचा अर्थ घर कसंही बांधा, असा नाही.

आता माझी काळजी. आपली जुनी घरं होती लाकडाच्या चौकटीची, वर कवेलू. हलली तरी कवेलू घसरायचे, घर उभं राहायचं. आता आपण काय करतो? त्याच मातीच्या जुन्या भिंतींवर, कॉलम न घेता, स्लॅब टाकतो. मग पैसे जमले की वर आणखी एक खोली. दहावीच्या विटेनं मला जे शिकवलं ते इथे लावून बघा: वर जितकं वजन, जमीन हलल्यावर बाजूला ढकलणारा जोर तितका मोठा. तो जोर पेलायला भिंतींना एकमेकींत बांधून ठेवणारं काही हवं. ते महागही नाही. दारंखिडक्यांच्या वरून घराभोवती सलग फिरणारा, लोखंडी सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा. कोपऱ्यात उभी सळई. कोपऱ्यापासून अंतर सोडून खिडकी. दगडी भिंत असेल तर तिच्यातून आरपार जाणारे दगड. भारतीय मानकांमध्ये हे सगळं दिलेलं आहे, आणि आपल्या गावातला कुठलाही चांगला मिस्त्री ते एका दिवसात शिकू शकतो.

आता शाळेकडे येते. काल आपण सगळे जुन्या इमारतीत आपापल्या वर्गात जाऊन बसलो. फोटो काढले. मीही काढले, पण माझं लक्ष भिंतींकडे होतं. ती इमारत विटांच्या भिंतींवर उभी आहे, आणि आपण गेल्यानंतर तिच्यावर एक मजला चढला आहे. त्या वेळी पट मोठा होता, वर्ग कमी पडत होते, ज्यांनी बांधला त्यांनी मुलांसाठीच बांधला. मी कुणाला दोष देत नाही. पण दारांवरचा पट्टा मला कुठे दिसला नाही. वरच्या गच्चीचा कठडा नुसत्या विटांचा आहे आणि त्याच्या बरोबर खाली मुलं मधल्या सुट्टीत डबा खातात. ग्रंथालयातली लोखंडी कपाटं भिंतीला बांधलेली नाहीत. कदाचित पट्टा प्लॅस्टरखाली असेलही. मी खडक तपासणारी आहे, इमारती तपासणारी नाही. म्हणून तो तपास ज्यांचं काम आहे त्यांच्याकडून व्हायला हवा.

आपल्या तुकडीने प्रवेशद्वारावर कमान बांधायला निधी जमवला आहे. कमान सुंदर होईल, तिच्यावर आपल्या तुकडीचं नाव येईल, मलाही ते हवं आहे. माझी विनंती एवढीच: त्यातला पहिला खर्च जुन्या इमारतीच्या तपासणीवर करू या. निकाल चांगला आला तर उरलेल्या पैशात कमान बांधू. कठड्याच्या जागी पाइपाची रेलिंग आणि कपाटांना कोन-पट्ट्या, एवढं तर तपासणीची वाट न बघता होईल. तपासणीत काही निघालं, तर कमान पुढच्या मेळाव्याला. आपल्यात दोन स्थापत्य अभियंते आहेत, एक कंत्राटदार आहे आणि जिल्हा परिषदेत काम करणारी एक मैत्रीण आहे. मघाशी चहाच्या वेळी मी त्यांच्याशी बोलले. चौघेही हो म्हणाले आहेत, आणि आता मी हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं आहे. (टाळ्या)

शेवटी सरांविषयी. नववीत सरांनी घर्षणाचा प्रयोग दिला होता. लाकडी ठोकळा, ताणकाटा, टेबल. मी ठोकळा सरकल्यानंतरचं वाचन लिहून आणलं. सरांनी वही परत दिली आणि म्हणाले, "पोरी, सरकल्यावर कुणीही वाचेल. सरकायच्या आधी काटा कुठे होता ते लिहून आण." त्या दिवशी मला राग आला होता. मधली सुट्टी संपेपर्यंत मी तो ठोकळा ओढत बसले होते. सर, गेली पंचवीस वर्षं मी तेच वाचन घेते आहे.

ताणकाटा परत कपाटात ठेवते. वीट मात्र जिथून आणली तिथे ठेवायला कुणीतरी मदत करा.